गाडीचा ब्रेक : बघायचं काय, विचारायचं काय

मागच्या भागात आपण गाडीचा विमा आणि कागदपत्रं बघितली. त्यानंतर बऱ्याच गटांकडून एकच विचारणा आली, की कागद कळले, पण गाडीचं काय? गाडी गटाची, हप्ता गट भरतो, आणि बॉनेट उघडलं की आपण सगळ्या दोन पावलं मागे सरकतो. काही गटांनी २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून प्रवासी गाड्या घेतल्या, काहींनी बँकेच्या कर्जावर मालाच्या घेतल्या. चालवणारी एक असते, पण मालकिणी दहा-बारा असतात. त्या दहा-बारा जणींसाठी आजचा विषय आहे ब्रेक.

आपल्याकडच्या छोट्या मालगाड्यांना, छोटा हत्ती असो नाहीतर पिकअप, पुढच्या दोन चाकांना बहुतेक करून डिस्क ब्रेक असतो आणि मागच्या दोन चाकांना ड्रम. दोन्ही तेलाच्या दाबावर चालतात, म्हणून त्यांना हायड्रॉलिक म्हणतात. मोठ्या ट्रकचा आणि एसटीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, त्याची देखभाल निराळी. तो आज घेत नाही. बोलणार आहोत ते मुख्यतः पुढच्या डिस्कबद्दल, कारण गाडी थांबवताना सगळा भार पुढे येतो आणि जास्त काम पुढचेच ब्रेक करतात.

एक आधीच सांगून ठेवतो. ब्रेक खोलायचा, पॅड बदलायचे, हे काम शिकलेल्या मिस्त्रीचंच. आम्ही तुम्हाला पाना हातात घ्या म्हणत नाही. पण बघणं, ऐकणं, वहीत लिहिणं आणि मिस्त्रीला नेमकं विचारणं हे आपलं काम आहे, आणि त्याला लायसन लागत नाही.

ब्रेक चालतो कसा, हे आम्ही गटाच्या बैठकीत दोन इंजेक्शनच्या सिरिंज घेऊन बघितलं. तुम्हीही बघा. एक लहान सिरिंज, एक मोठी, सुया काढलेल्या. मध्ये सलाईनच्या नळीचा तुकडा, आणि सगळ्यात पाणी भरलेलं. लहान सिरिंजचा दट्ट्या दाबला की मोठीचा दट्ट्या वर येतो. थोडाच येतो, पण जोरानं येतो. मोठीचं तोंड लहानीच्या चौपट असेल तर जोरही चौपट. फ्रान्सच्या पास्कल नावाच्या शास्त्रज्ञानं सतराव्या शतकात मांडलेला हा नियम, आणि आपण पायानं दाबलेल्या पेडलच्या जिवावर दीड-दोन टनांची गाडी थांबते ती याच नियमावर. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल बारीक पाइपांतून चाकापर्यंत दाब नेतं. तिथे कॅलिपर नावाचा लोखंडी चिमटा असतो. त्याच्या आत दोन पॅड असतात, आणि दोन्ही पॅड मधल्या फिरणाऱ्या तव्याला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून आवळतात. सायकलचा ब्रेक जसा रिमला दोन्ही बाजूंनी धरतो तसंच, फक्त ताकद कितीतरी जास्त.

मग आम्ही नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडला. लहान सिरिंज दाबली तर दट्ट्या मऊ मऊ आत गेला आणि मोठी सिरिंज हललीसुद्धा नाही. पाणी दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. आपला सगळा जोर त्या बुडबुड्यानं खाल्ला. ड्रायव्हर लोक "ब्रेक स्पंजी झाला" किंवा "पंप मारावा लागतो" म्हणतात ते हेच. एवढा एक प्रयोग करून बघितलात तर आजचं निम्मं बोलणं तुम्हाला समजलं.

आता तेलाकडे येऊ. आमच्या मते देखभालीत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच. इंजिन ऑइल सगळे बदलतात, कारण ते काळं झालेलं दिसतं. ब्रेक ऑइलची पांढरट प्लॅस्टिकची डबी बॉनेटखाली नाहीतर सीटच्या पुढे कुठेतरी कोपऱ्यात असते. तिच्यावर वर-खाली दोन रेघा असतात, तेल त्या दोन रेघांमध्ये असलं की सगळे समाधानी. पण तेल किती आहे हा एक प्रश्न, आणि तेल कसं आहे हा दुसरा.

पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ते आपण रोज बघतो. ब्रेक ऑइलचा स्वभाव तसाच आहे. हवेतली ओल ते ओढून घेतं. झाकणातून, रबरी नळीतून, नकळत. ताजं डॉट ३ जातीचं तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही, डॉट ४ जातीचं २३० अंशांच्या आत. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की डॉट ३ साठी हीच हमी १४० अंशांवर येते आणि डॉट ४ साठी १५५ वर. पाण्याचा एवढा अंश डोळ्यांना दिसत नाही. सपाटीवर गाडी चालवताना पायालाही कळत नाही. कळतं ते घाटात.

आमच्या प्रभागसंघातल्या एका गटाची पिकअप पाटण तालुक्यातून भाजी घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाते. ज्या ताई ती चालवतात, त्यांचा हात चांगला. मागच्या पावसाळ्यात कोबीच्या गोण्या भरून गाडी घाट उतरत होती. पुढे धुकं, त्यात एका ट्रकच्या मागे लागून सारखा सारखा ब्रेक. निम्म्याहून जास्त घाट उतरल्यावर पेडल एकदम खाली गेलं. ताईंनी पेडलवर भराभर पाय मारले, थोडा ब्रेक धरला, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला गटारीत घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कोबी मात्र रस्त्यावर.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. तासाभरानं गॅरेजचा माणूस वर आला, त्यानं पेडल दाबलं, तर ते घट्ट! गाडी पुढे-मागे घेऊन बघितली, ब्रेक अगदी व्यवस्थित. तेलाची डबीही भरलेली. तो म्हणाला, "ब्रेकला काही झालेलं नाही, बाईमाणूस घाबरलं असेल." गावात तेच पसरलं. गटाच्या बैठकीत ड्रायव्हर बदलायचा ठराव यायला निघाला होता.

झालं काय होतं, ते दुसऱ्या एका मिस्त्रीनं दाखवलं. त्याच्याकडे पेनासारखं एक यंत्र होतं. त्याचं टोक तेलात बुडवलं की तेलात पाणी किती मुरलंय त्याप्रमाणे दिवे लागतात. लाल दिवा लागला. गाडी घेतल्यापासून चार वर्षं तेल बदललेलंच नव्हतं, कमी झालं की वरून भरलं होतं तेवढंच. घाटात पॅड आणि डिस्क तापल्या, ती उष्णता कॅलिपरमधल्या तेलात उतरली, तेलातलं पाणी उकळलं आणि त्याची वाफ झाली. वाफ म्हणजे पुन्हा तो सिरिंजमधला बुडबुडा. गाडी उभी राहून गार झाली, तशी वाफेचं परत पाणी झालं आणि पेडल घट्ट झालं. म्हणजे दोष होता, पण गार गाडीत तो सापडणारच नव्हता. ताईंनी मात्र तेव्हा जे जे करायचं ते सगळं बरोबर केलं होतं. त्या आजही तीच गाडी चालवतात.

म्हणून तेलाची तारीख. साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, ब्रेक कितीही चांगला लागत असला तरी. तुमच्या गाडीच्या पुस्तकात त्याहून कमी मुदत किंवा किलोमीटर दिलं असेल तर ते पाळायचं. आम्ही कोकणाच्या तोंडावर राहणारे, पावसाळाभर हवेत ओलच ओल, तेव्हा आम्ही दोन वर्षांच्या वर एक महिनाही जाऊ देत नाही, आणि बदलायचं ते पावसाळ्याच्या आधी. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच आणायचं. डॉट ५ नावाचं तेल सिलिकॉनचं असतं, ते आपल्या गाडीत चालत नाही. बाटली सीलबंदच घ्यायची. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी फळीवर ठेवायची नाही, तिनंही ओल ओढलेली असते. बाटलीची किंमत काही शे रुपये. चार वर्षांच्या त्या तेलानं गटाचा एका फेरीचा माल गेला, टोइंगचे पैसे गेले, आणि एका बाईचं नाव जाता जाता राहिलं.

आणखी एक. घाईच्या वेळी कुणी ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा गोडंतेल ओतायला निघालं तर हात धरायचा. ब्रेकमधली रबरी वॉशर त्या तेलानं फुगतात, आणि मग नुसतं तेल काढून भागत नाही, रबर असलेला एकेक भाग बदलावा लागतो. ब्रेक ऑइल विषारी असतं. ते रिकाम्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत घरात ठेवायचं नाही, पोरं आहेत. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्यानं धुवायचं.

डबीतलं तेल कमी होण्याची कारणं दोनच. एक म्हणजे पॅड झिजले. पॅड जसे पातळ होतात तसा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागे जागा होते आणि तेल तिथे जाऊन बसतं. ही घट अगदी सावकाश असते. दुसरं म्हणजे गळती, आणि गळती कधीच बरी नसते. म्हणून तेल कमी दिसलं की भरून मोकळं व्हायचं नाही. आधी पॅड बघून घ्यायचे. पॅड जाड आहेत आणि तेल तरी उतरतंय, तर ते कुठेतरी गळतंय. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग, मागच्या ड्रमखालून टायरवर उतरलेला ओघळ, रबरी नळीवर चीर, पेडलच्या वरच्या बाजूला ओल, अशा जागा बघायच्या. गळती असलेली गाडी माल घेऊन बाहेर काढायची नाही, मग समोर बाजाराचा दिवस असला तरी.

पॅडबद्दल. नवा पॅड साधारण दहा ते बारा मिलिमीटर जाड असतो, मागची लोखंडी पट्टी सोडून. झिजत झिजत तीन मिलिमीटरवर आला की बदलायचा. पोरांच्या कंपासमधली पट्टी घेऊन मोजता येतं. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तरी बाहेरचा पॅड दिसतो. पण आतला पॅड बाहेरून दिसत नाही, आणि पुष्कळदा आतलाच आधी झिजतो. त्यामुळे दर पाच हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करायला चाक निघतं तेव्हाच दोन्ही पॅड मोजायला सांगा, वेगळा खर्च नाही. चाक काढताना गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, मिस्त्रीसुद्धा.

काही पॅडना एक बारीक पत्री असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि बारीक, कान किटवणारी किंचाळी येते. हा आवाज म्हणजे पॅड मागतोय. या आठवड्यात काम करून घ्या. पण खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी जाड खरखर आली, तर पॅड संपून मागची पट्टीच डिस्कला खाते आहे. तेव्हा पॅडबरोबर डिस्कचाही खर्च येतो. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खसखस करते, त्याची भीती नको, डिस्कवर आलेला हलका गंज पुसला जातो एवढंच.

पॅड बदलायचे ते डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. मिस्त्री पॅड बदलताना पिस्टन मागे दाबतो, तेव्हा तेल परत डबीत चढतं. मधल्या काळात कुणी वरून तेल भरत राहिलं असेल तर ते उतू जातं, म्हणून तेव्हा डबीकडे लक्ष ठेवायचं. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पाय मारायचे. पहिल्या एक-दोन दाबांना पेडल तळाला जातं, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. हे न करता गॅरेजमधून गाडी बाहेर काढली तर समोरच्या भिंतीला जाऊन लागेल. पुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारायचे टाळा, नवे पॅड डिस्कवर नीट बसू द्या.

डिस्कलाही आयुष्य असतं. तिच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याहून पातळ झाली तर लेथवर घासून आणण्यात अर्थ नाही, बदलायचीच. ब्रेक मारताना पेडल पायाला थरथर देत असेल, तर डिस्क कुठे जाड कुठे पातळ झाली आहे. चाकाचे नट एक घट्ट एक सैल आवळले तरी हे होतं. घाट उतरून आल्यावर तापलेल्या चाकांवर बादलीभर गार पाणी ओतायची सवय बऱ्याच ड्रायव्हरना आहे. ती मोडा. लाल तव्यावर पाणी मारल्यावर तवा कसा वाकतो ते आपल्याला सांगायला नको.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या चिखल-पाण्यानं जाम होतात. उसाच्या फडात, शेतरस्त्यावर जाणाऱ्या गाड्यांना हे हमखास. पिन जाम झाली की पॅड डिस्कला चिकटून राहतो. मग एक चाक तापतं, जळका वास येतो, गाडी एका बाजूला ओढते आणि डिझेल जास्त लागतं. फेरी करून आल्यावर चाकाच्या जवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापलेलं असेल तर ते वहीत लिहा. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, जास्त तापमान सोसणारं. साध्या ग्रीसनं रबर खराब होतं. आणि गॅरेजात डिझेलनं किंवा पेट्रोलनं ब्रेक धुतात, तसं करू देऊ नका. डिझेल पॅडमध्ये मुरलं की तो पॅड धरत नाही. साबणाचं पाणी किंवा ब्रेक क्लीनरचा फवारा पुरतो. हवा मारून धूळही उडवायची नाही, ती धूळ छातीत जाते.

तेल बदलल्यावर पाइपातली हवा काढावी लागते. हे काम दोन माणसांचं असतं, आणि पेडलवर बसायला आम्ही आमच्यातलीच एक बसवतो. तेवढ्यानं मिस्त्रीच्या कामावर आपोआप नजर राहते. एकीनं पेडल दाबून धरायचं, मिस्त्री चाकाजवळचं निप्पल सैल करतो, पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात, निप्पल आवळलं की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करतात. तरी गाडीच्या पुस्तकातला क्रम बघून घ्यावा. बुडबुडे थांबेपर्यंत आणि नवं, स्वच्छ तेल येईपर्यंत चारही चाकांना हे करायचं. मध्येच डबी रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीत आलेलं तेल गाळून परत ओततो म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात जोडायचे.

रोजची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती ड्रायव्हर नसलेली बाईही करू शकते. इंजिन बंद ठेवून पेडल तीन-चार वेळा दाबा, ते कडक होईल. पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली उतरलं पाहिजे, म्हणजे जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय. मग इंजिन चालू असताना पेडल दाबून मनात तीस आकडे मोजा. पेडल हळूहळू खचत गेलं तर तेल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरची वॉशर गेली आहे. शेवटी अंगणात गाडी हळू चालवून एकदा ब्रेक. हँडब्रेक वेगळा बघायचा, तो तेलावर नाही, वायरवर चालतो आणि मागच्या चाकांना धरतो. म्हणूनच त्या दिवशी घाटात तो उपयोगी पडला. हल्लीच्या गाड्यांत तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक गेला तरी दुसरा थोडाफार ब्रेक देतो, पण पेडल खोल जातं आणि समोर लाल दिवा लागतो. हँडब्रेक सोडलेला असूनही तो दिवा पेटला तर गाडी तिथेच थांबवायची.

चालवणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांनीही ऐकून ठेवा, कारण डिझेल वाचवायचा आग्रह आपणच धरतो. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल करून किंवा चावी बंद करून उतरण्यात जे दोन रुपये वाचतात ते ब्रेक खातो. चावी बंद केली की बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, शिवाय चावी पूर्ण काढली तर स्टिअरिंगही लॉक होतं. वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट काम करावं लागतं, आणि माल जेवढा जास्त तेवढी उष्णता जास्त. "चार गोण्या आणखी टाका, एका फेरीत काम होईल," असं बाजाराच्या घाईत आपल्यातलीच कुणीतरी म्हणते. तेव्हा चालवणारी नाही म्हणाली तर तिचं ऐकायचं.

वही कशी ठेवायची, तर साध्या शंभर पानीत रेघा ओढून. तारीख, किलोमीटर, तेलाची पातळी, डावे पॅड, उजवे पॅड, काय काम झालं, बिल किती, आणि बघणारीची सही. बघणारी दर महिन्याला बदलते, त्यामुळे वर्षभरात सगळ्याजणी एकेकदा डबी बघतात. सुट्या भागांचं पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा नंबर वहीत उतरवा, आणि काढलेले जुने पॅड मिस्त्रीकडून परत मागून घ्या. आधी त्याला राग येतो, मग सवय होते. पासिंगलाही ही वही कामी येते. आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीचं दर दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी पासिंग असतं, आणि तिथे ब्रेक तपासतातच. पण पासिंगच्या आदल्या दिवशी केलेली दुरुस्ती फक्त त्या दिवसापुरती, हे आम्ही अनेक गाड्यांत बघतो.

आता पत्रातला एक प्रश्न, आजऱ्याकडच्या एका गटाचा. त्या विचारतात, "आमची गाडी महिन्यातून चारच फेऱ्या करते, मग दोन वर्षांनी तेल बदलायला कशाला हवं?" वहिनी, पॅड किलोमीटरवर झिजतात, पण तेल दिवसांवर जुनं होतं. गाडी उभी असली तरी पाऊस पडतोच. तुमचं तेल बदलून तीन वर्षं झाली असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा पुढची घाटाची फेरी तेल बदलल्यावरच करा.